दादाचा कान

मासिकाच्या कचेरीत सगळे त्याला कानसेन म्हणायचे. पाठीमागे नाही, अगदी तोंडावर, आणि त्याला ते आवडायचंही. अठ्ठावीस वर्षं तो स्पीकर ऐकून त्यांच्यावर लिहीत आला होता. या अठ्ठावीस वर्षांत त्याने 'ठीक आहे' असं एकदाही लिहिलं नव्हतं. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट, आणि का ते असं लिहायचा की ज्यांच्या घरात साधा रेडिओही धड वाजत नव्हता, असे लोकही त्याची दोन पानं चवीने वाचायचे. 'या पेटीतल्या गायकाला सर्दी झालेली आहे,' असं त्याने एकदा लिहिलं होतं. पुढच्या तीन महिन्यांत त्या कंपनीने तो स्पीकर बाजारातून गुपचूप काढून घेतला.

त्याचा खरा जीव छोट्या स्पीकरवर होता. महागडे, देखणे, पण आकाराने बुटाच्या खोक्याएवढे. "मोठ्या स्पीकरमध्ये चुकांना लपायला जागा असते," तो म्हणायचा. "दणदणाट केला की माणूस दिपतो. लहान पेटीत सगळं उघड्यावर. तिथे बनवणाऱ्याची लायकी कळते."

आणि असे स्पीकर बनवणारं माणूस त्याच्या घरातच होतं. त्याची धाकटी बहीण, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. तिला घरात बारकी म्हणायचे. पुढे ती दादाच्याही डोक्याच्या वर वाढली, पण नाव काही उंच झालं नाही. ती सात वर्षांची असताना दादा तिला रेडिओसमोर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, "सांग, किती जण वाजवतायत?" ती म्हणायची तीन. तो म्हणायचा, "चार. नीट ऐक." ती पुन्हा डोळे मिटायची आणि खरंच, मागे कुठेतरी चौथा सापडायचा. चौथा सापडला की तिला इतका आनंद व्हायचा की दादाच्या गळ्यात पडायची.

मोठी झाल्यावर तिने काही वर्षं दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचं काम केलं. मग ते सोडून एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि स्पीकर बनवायला लागली. एका खोलीत करवत, रंधा, सरस, तारांची भेंडोळी. दुसऱ्या खोलीत जाड गालिचा, भिंतीला पुस्तकांची कपाटं आणि मधोमध एक खुर्ची. ती ऐकायची खोली. खालची छपाईयंत्रं सुरू असली की वरची जमीन थरथरायची, कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. त्यामुळे ऐकण्याचं काम फक्त एक ते दोनमध्ये व्हायचं, छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. सहा वर्षं तिने दुपारचं जेवण अडीचला केलं.

त्या सहा वर्षांत तिने एकच स्पीकर बनवला. म्हणजे बनवला, मोडला, पुन्हा बनवला. सुंदर लाकडाची छोटी पेटी. खालच्या आणि मधल्या स्वरांसाठी तळहाताएवढा कागदी कोन, आणि त्याच्या वर ट्वीटर, उंच स्वरांसाठीचा रेशमी कापडाचा टिचभर घुमट. दादाने या काळात तिला सल्ले दिले, पण तिच्या कामाबद्दल एक ओळही छापली नाही. बहिणीवर लिहायचं नाही, हे त्याने स्वतःला घालून घेतलेलं बंधन होतं.

मग एक दिवस एका मोठ्या वितरक कंपनीची खरेदीप्रमुख बाई दुसऱ्याच कामासाठी छापखान्यात आली असताना वर चढून आली. दहा मिनिटं ऐकून गेली. जाताना म्हणाली, "दोन महिन्यांनी प्रदर्शन आहे. तिथे मांडा. लोकांना आवडलं तर दोनशे जोड्यांचं बोलू. आमची चाळीस दुकानं आहेत."

बारकीने त्याच संध्याकाळी फोन केला. "दादा, मला तू हवायस. पेटी पक्की करायच्या आधी तू ऐक. तू हो म्हणालास की मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता खाली यंत्रं थांबली आणि दादा खुर्चीत बसला. आधी खुर्ची चार बोटं मागे घेतली, मग दोन बोटं पुढे. एकदा टाळी वाजवून खोली तपासली. बारकी भिंतीला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून, तोंडी परीक्षेला आल्यासारखी.

त्याने स्वतःबरोबर आणलेल्या तीन तबकड्या लावल्या. एका बाईचं एकटीचं गाणं, साथीला काही नाही. मग एकटं व्हायोलिन. मग सात-आठ जणांचा वाद्यवृंद, त्यात मागे एक झांज होती. वीस मिनिटं तो हलला नाही. मग म्हणाला,

"पडदा आहे."

"कुठे?"

"वर. बाकी सगळं फार चांगलं आहे, बारके. गळा तर असा आहे की बाई समोर उभी आहे. पण वर कोणीतरी घोंगडी टाकल्यासारखं वाटतंय. झांज वाजते आणि लगेच विझते. बाई श्वास घेते तो ऐकूच येत नाही."

बारकीने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. समोर माइक ठेवून तिने प्रत्येक स्वराचं माप घेतलं होतं. "हे बघ. रेघ सरळ आहे. अगदी वरपर्यंत."

"रेघ ऐकायला कोणी तिकीट काढत नाही," दादा म्हणाला.

ती हसली. मग हळूच म्हणाली, "मला श्वास ऐकू येतोय पण."

"तू सहा वर्षं हेच ऐकतेयस. तुला माहीत आहे तिथे श्वास आहे, म्हणून तुला येतो ऐकू. माझ्या घरच्या जुन्या स्पीकरचं असंच झालं होतं. म्हातारे झाले, वरचं सगळं गेलं. मला कळेपर्यंत वर्ष गेलं. शेवटी बदलले. आता बघ कसे खुलले आहेत."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने घरचे स्पीकर बदलले होते. तेव्हापासून त्याची बायको गाणं लागलं की स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची, पण ती आधीपासूनच गाण्यातली नव्हती, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नव्हतं.

ट्वीटरच्या वाटेत एक रेझिस्टर असतो, खडूच्या तुकड्यासारखा पांढरा. तो मोठा असला की वरचे स्वर दबून राहतात, लहान असला की मोकळे सुटतात. बारकीने चार ओहमचा लावला होता. महिना घालवून तो चारचा ठरवला होता तिने. दुसऱ्या दिवशी तो काढून तिने अडीचचा लावला.

"आता?"

"बरं आहे," दादा म्हणाला. "अर्धा पडदा गेला."

तिसऱ्या दिवशी तिने एकचा लावला. गाणारी बाई सुरू झाली आणि बारकीने मान थोडी बाजूला वळवली, वाऱ्याचा झोत तोंडावर आल्यावर वळवतात तशी. दादाचं लक्ष नव्हतं. तो खुर्चीत सरसावून बसला होता.

"आला!" तो म्हणाला. "श्वास आला. ऐकलास?"

"हो," ती म्हणाली.

"झांजही बघ. हे आता सोड. याला हात लावू नकोस."

तिने हात लावला नाही. पन्नास जोड्यांच्या आतल्या पट्ट्यांवर एकचा रेझिस्टर बसवून घेतला आणि पेट्या बंद केल्या.

प्रदर्शन एका हॉटेलात होतं. एकेका कंपनीला एकेक खोली, पलंग बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या. बारकीला तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली मिळाली. तिने ऐकायच्या खोलीतला गालिचा आणला होता, खिडकीला जाड पडदे लावले होते. दादा सकाळपासून तिथेच, दाराशी उभा. लोक त्याला ओळखत होते. कानसेन उभा आहे म्हणजे काहीतरी असणार म्हणून आत येत होते. येत होते, बसत होते आणि दोन-तीन मिनिटांनी पायाशी काही पडल्यासारखं खाली बघत बाहेर निघून जात होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बसल्या बसल्या कानात करंगळी घातली. बारकीने ते पाहिलं. तिने आवाज थोडा कमी केला. दादा म्हणाला, "कमी कशाला करतेस? ऐकू दे की त्यांना."

दुपारी खरेदीप्रमुख बाई आली. चार मिनिटं बसली.

"पेटी फार देखणी झालीय," ती म्हणाली.

"आणि आवाज?" बारकीने विचारलं.

"मागे तुमच्याकडे ऐकला होता, तो हाच का?"

"थोडा बदल केलाय."

"का बरं?"

बारकीने दादाकडे पाहिलं नाही. "मला वाटलं करावा," ती म्हणाली.

"हं." बाईने पर्स खांद्याला लावली. "वाईट वाटून घेऊ नका, पण हे मी घरी अर्धा तास ऐकू शकणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं."

दादाला राहवलं नाही. "बाई, तुम्हा सगळ्यांना पडद्याची सवय झालीय," तो म्हणाला. "पडदा निघाला की उजेड डोळ्यांवर येणारच."

ती त्याला ओळखत होती. अदबीने हसली. "असेल," म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्यात दुसऱ्या एका नियतकालिकाने प्रदर्शनाचा वृत्तान्त छापला. त्यात बारकीच्या वाट्याला एकच वाक्य होतं: 'तिसऱ्या मजल्यावर एका सुरेख पेटीत कोणीतरी सुया भरून ठेवल्या आहेत.'

दादाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बहिणीवर लिहायचं नाही हे बंधन त्याने त्या रात्रीपुरतंही ठेवलं नाही. पुढच्या अंकात दोन पानं लिहिली. अखेर एक स्पीकर असा आला आहे की ज्यात काहीही झाकलेलं नाही, आणि ज्यांना झाकलेलंच आवडतं त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं लिहिलं. तळटीपेत 'निर्माती माझी बहीण आहे' हेही प्रामाणिकपणे लिहिलं. मग पत्रांचा पाऊस पडला. काही जण दुकानात जाऊन ऐकून आले होते; त्यांनी लिहिलं की कानसेनांनी कान बहिणीकडे गहाण टाकलेले दिसतात. ज्या तीन दुकानांनी एकेक जोडी ठेवली होती, त्यांनी ती परत पाठवली. ज्या स्पीकरला आधी फक्त वाईट म्हणत होते, त्याला आता वशिल्याचा म्हणायला लागले.

बारकीने त्याला एका शब्दाने विचारलं नाही. तिने स्वतःच खरेदीप्रमुख बाईला फोन केला आणि म्हणाली, आधीचा आवाज परत आणता येईल, छोटासाच बदल आहे. बाई म्हणाली, "या वर्षाची यादी झाली हो. आणि खरं सांगू का? दोन महिन्यांत इतका बदलणारा स्पीकर मी दुकानदारांच्या गळ्यात कसा मारू? उद्या पुन्हा बदललात तर?"

हा फोन झाल्याचं दादाला पुष्कळ नंतर कळलं.

त्यानंतर महिन्याभराने दादाच्या बायकोला ताप आला. दुपारची वेळ होती. त्याने तिच्या काखेत थर्मामीटर लावलं, वाजलं की काढायचं तसलं, आणि पलंगाच्या काठावर बसून राहिला. बसला, बसला. मग म्हणाला, "हे बिघडलंय वाटतं."

बायकोने डोळे उघडले. "अहो, काय बिघडलंय? कधीचं वाजतंय ते. काढा की आता."

"कुठे वाजतंय?"

"हे काय. आता थांबलं. मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलंय."

त्याने ते काढलं. बटण दाबून पुन्हा स्वतःच्या काखेत लावलं आणि श्वास रोखून वाट बघितली. काचेवर आकडा स्थिर झाला. आवाज आला नाही. त्याने ते काढून उजव्या कानाशी नेलं, तेव्हा खूप लांबून, शेजारच्या इमारतीत कोणीतरी शीळ घालावी तसं काहीतरी आलं. डाव्या कानाला तेवढंही नाही.

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. त्याच्याकडे स्पीकर तपासायची एक तबकडी होती, एकेका उंचीचा नुसता स्वर भरलेली. गेली कित्येक वर्षं ती त्याने लावली नव्हती. मापं घेणं हे तो कारकुनी काम समजायचा. त्याने ती लावली. खालचे स्वर आले, मधले आले. नववा स्वर बारीक आला. दहावा आलाच नाही. त्याला वाटलं तबकडीवर चरा पडलाय. त्याने आवाज वाढवला. अकरावा. काही नाही. त्याने आणखी वाढवला. खोली अगदी शांत होती, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरताना दिसत होता.

आतून बायको ओरडली, "बंद करा ते! अहो, बंद करा! डोकं फुटेल माझं!"

तापाने फणफणलेली ती उठून दारात आली होती, दोन्ही हात कानांवर ठेवून. तो तिच्याकडे बघत राहिला. मग यंत्राकडे हात नेऊन त्याने ते बंद केलं. बंद झाल्याचंही त्याला बायकोने कानांवरचे हात काढले तेव्हाच कळलं.

"काय होतं ते?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तू आडवी पड."

कानाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, हातात एक बटण दिलं आणि ऐकू आलं की दाबायला सांगितलं. तो अठ्ठावीस वर्षं असाच बसत आला होता, पण या वेळी कान टवकारून बसूनही हातातलं बटण बराच वेळ दाबायची वेळ येईना. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई वही भरत होत्या आणि त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. शेवटी तो अंदाजाने दाबायला लागला. त्यांनी दार उघडून सांगितलं, "काका, अंदाजाने नको. नाही आलं तर नाही आलं."

मग त्यांनी कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत ठीक चालत होती आणि मग जिना उतरावा तशी खाली गेली होती. डाव्या कानाची तर जिन्यावरून पडल्यासारखी.

"हे कधीपासून असेल?"

"हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. पाच-सहा वर्षं तरी. वयाचा भाग आहे आणि थोडं जास्तच आहे. परत येत नाही हे. बोलणं ऐकायला यंत्र मिळेल." त्यांनी पेन उचललं. "तुम्ही काम काय करता?"

"लिहितो," तो म्हणाला.

त्याने घरी येऊन मासिकाचे जुने अंक काढले. कोणत्या स्पीकरना गेल्या पाच-सहा वर्षांत त्याने डोक्यावर घेतलं होतं, ते वाचत गेला. सगळे टोकदार, धारदार, चकचकीत. कोणाला त्याने पाण्यात पाहिलं होतं, तेही वाचलं. त्यातल्या दोन कंपन्या आता नव्हत्या. तो तिथेच थांबला. उरलेले अंक त्याने उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या थोडं आधी तो छापखान्याचा जिना चढला. बारकी एका पेटीला पॉलिश करत होती. परत आलेल्या जोड्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. त्याने तिला कागद दिला. ती यंत्रांत वाढलेली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती बराच वेळ कागद बघत राहिली. खाली यंत्रं थांबली आणि जमीन स्थिर झाली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"हे नाही. तुझ्या कानाचं नाही. पण आवाज चुकतोय हे माहीत होतं. अडीचचा लावला तेव्हाच माझे कान भणभणले. एकचा लावला त्या दिवशी मी घरी जाऊन आडवी पडले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की, दादा. पहिल्याच दिवशी."

त्याला आठवलं. हळूच बोललेलं ते एक वाक्य. त्यापेक्षा मोठ्याने ती त्याच्याशी जन्मात कधी बोलली नव्हती.

"तू म्हणालास सवय झालीय," ती म्हणाली. "मला वाटलं, झाली असेल. तू कधी चुकला होतास? मी तीन म्हणायचे, तू चार म्हणायचास, आणि चारच असायचे. मग मी घरी जाऊन स्वतःला समजावलं, की मला बोचतंय तेच बरोबर असणार, माझाच कान बिघडलाय."

"माझ्या नावाने शंख कर," तो म्हणाला. "चार शिव्या तरी घाल."

"त्याने काय होणार?"

ती उठली. परत आलेल्यातली एक जोडी तिने टेबलावर घेतली, मागचे स्क्रू काढले, एकचा रेझिस्टर काढून तिथे चारचा डाग देऊन बसवला. दोन्ही पेट्यांना मिळून दहा मिनिटं लागली. एवढंच काम होतं ते. मग तिने त्या ऐकायच्या खोलीत मांडल्या, गाणाऱ्या बाईची तबकडी लावली आणि दादा खुर्चीत बसतोय असं बघून म्हणाली, "नको. तू उठ. मी बसते."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. गाणं सुरू झालं. त्याच्यासाठी घोंगडीआडून येणारा गळा. पूर्वी जसा होता तसाच, श्वासाशिवायचा. तो आवाजाकडे नाही, बहिणीकडे बघत होता. तिने डोळे मिटले होते. कपाळाला आठी होती.

पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

"आला का परत?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला कळत नाहीये, दादा. बाई गायला लागली की मी ऐकायच्या आधी ठरवायला लागते, हे तुला कसं वाटेल. पडदा आहे म्हणशील का. मग मला पडदा ऐकू येतो. मग मी स्वतःला सांगते की त्याला तर ऐकू येत नाही, त्याचं काय ऐकायचं. मग पडदा जातो. पुन्हा येतो." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. नुसती थकली होती. "रेघ घेतली तर सरळ येईल. ती तेव्हाही सरळच होती."

दोघं त्या खोलीत उभी-बसलेली राहिली. समोर तिचा सहा वर्षांचा स्पीकर जसा वाजायला हवा तसा वाजत होता, आणि त्या दोघांत ते सांगू शकणारं कोणी उरलं नव्हतं. दोनला खालची यंत्रं सुरू झाली तेव्हा तिने उठून बंद केलं.

दादा संपादकाकडे गेला. संपादक त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि चहा मागवला.

"मला लिहायचंय," दादा म्हणाला. "गेल्या सहा वर्षांतलं माझं काही खरं धरू नका असं. आणि बहिणीचा स्पीकर आधी बरोबर होता, तो मी बिघडवला असं."

"सहा वर्षांतलं सगळं?" संपादक म्हणाला. "कानसेन, तुमच्या वाक्यांवर लोकांनी जाहिराती केल्यात. दुकानांत पाट्या लावल्यात. ते सगळे माझ्या दारात उभे राहतील."

"राहू देत."

"आणि बहिणीचा स्पीकर आता कुठे मिळतोय? वाचकाने वाचून करायचं काय?"

दादाने तरी लिहून पाठवलं. पुढच्या अंकात ते नव्हतं. त्याऐवजी पहिल्या पानावर चौकट होती: आमचे ज्येष्ठ परीक्षक प्रदीर्घ सेवेनंतर विश्रांती घेत आहेत. सोबत त्याचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, त्यात तो डोळे मिटून काहीतरी ऐकत होता. त्याच्या नावाने अभिनंदनाची पत्रं आली. एका वाचकाने लिहिलं होतं की असा कान पुन्हा होणे नाही.

त्याने तेच पत्र दुसऱ्या दोन नियतकालिकांना पाठवलं. एकाने उत्तर दिलं नाही. सुयांचं वाक्य लिहिणाऱ्याने मात्र स्वतः फोन केला. "सर, राहू द्या," तो म्हणाला. "छापलं तर माझ्यावर दात धरल्याचा आरोप येईल. आणि तुमच्यासाठीही बरं दिसणार नाही." त्याच्या आवाजात एवढी कणव होती की दादाने 'बरं' म्हणून फोन ठेवला.

वर्ष संपायच्या आत बारकीने खोल्या सोडल्या. छापखान्याला कागद ठेवायला जागा हवीच होती. करवत आणि रंधा एका सुताराने नेला. पेट्यांमधले कोन आणि घुमट काढून तिने मूळ कारखान्याला परत पाठवले आणि रिकाम्या पेट्या त्याच सुताराला दिल्या. लाकूड चांगलं आहे, फळ्या निघतील, म्हणाला तो. दादा त्या दिवशी मदतीला गेला होता. एक टोक त्याने धरलं, एक तिने, आणि दोघांनी गालिच्याची गुंडाळी जिन्यावरून खाली आणली. वळणावर अडकली तेव्हा ती म्हणाली, "डावीकडे घे," आणि त्याने उजवीकडे घेतली, कारण ती डाव्या बाजूने बोलली होती. तिने पुन्हा सांगितलं नाही. नुसती थांबली, तो बरोबर करेपर्यंत.

तिला नोकरी मिळाली. स्थानकांवर आणि इस्पितळांत सूचना देतात ते भोंगे बनवणारा कारखाना होता. तिथे ती तपासणीला बसते. भोंगा खोक्यात ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर पुढे, लाल लागला तर मागे. दिवसाला चारशे. कानांत बोळे घालणं सक्तीचं आहे.

दर रविवारी ती दादाकडे जेवायला येते. त्याला आता यंत्र मिळालंय. ते घातलं की बोलणं कळतं, पण भांड्यांचा आवाज काचा फुटल्यासारखा येतो, आणि गाणं म्हणजे कोणीतरी कागद चुरगाळतोय. म्हणून तो जेवताना यंत्र काढून ठेवतो आणि बायको-बहीण जरा मोठ्याने बोलतात.

मागच्या रविवारी बायकोने सहज विचारलं, "अगं बारके, घरी ऐकतेस का काही?"

"टीव्ही बघते, वहिनी," ती म्हणाली. "आवाज बंद करून. खाली अक्षरं येतात ना, ती वाचते."

"बाई गं. मग कंटाळा नाही येत?"

"येतो की. पण निदान काय म्हणतायत ते नक्की कळतं."

दादाला हे ऐकू आलं नव्हतं. त्याने विचारलं, "काय म्हणतेय?"

"टीव्हीचं सांगतेय," बायको मोठ्याने म्हणाली. "तुम्ही आमटी घ्या आणखी, गार होतेय."

त्याने आमटी घेतली. बारकीने ताट उचललं, त्याचंही संपत आलेलं पाहून हात पुढे करून थांबली, आणि शेवटचा घास झाल्यावर तेही घेऊन आत गेली. मोरीत वहिनीने नळ सोडला होता. भांडी विसळून होईपर्यंत साडेतीन झाले, आणि तिची बस चारला होती.